गट सहा, रांग एकतीस

माणसं बसवण्यात माझा हात धरणारं कोणी अजून जन्माला आलेलं नाही. ही बढाई नाही, शाळेच्या बसवर सव्वीस वर्षं काढली आहेत मी. अठ्ठेचाळीस मुलं, अठ्ठेचाळीस दप्तरं, तेवढ्याच पाण्याच्या बाटल्या, आणि चार मिनिटं. चौथं मिनिट संपता संपता मी बसच्या पत्र्यावर दोन थापा मारते आणि ड्रायव्हरकाका गाडी काढतात. रांग म्हटली की मला लांबूनच कळतं, ती कुठे फुगणार, कोण मध्ये घुसणार आणि कुणाला ऐन वेळी शू लागणार. त्यामुळे त्या सकाळी आयुष्यात पहिल्यांदा विमानतळावर गेले तरी पोटात गोळा वगैरे काही आला नाही. तपासणी झाली, आत गेले, समोर जी सगळ्यात शिस्तीची रांग दिसली ती धरली आणि पंचवीस मिनिटं इमानदारीत उभी राहिले. पुढच्या दोघांना एकामागे एक नीट उभं केलं. एक बाई गप्पा मारल्यासारखं करून मध्ये शिरत होत्या, त्यांना मागे पाठवलं. माझा नंबर आला तेव्हा टोपी घातलेल्या मुलीनं विचारलं, "साखर किती?" ती कॉफीची रांग होती.

मी दोन चमचे सांगितली. इतका वेळ उभं राहून "मला विमानात बसायचंय" म्हणायची लाज वाटली. कॉफी जिभेला चटका देणारी होती आणि ती पीत पीत मी खरी रांग शोधत निघाले. उशीर होऊन चालणारच नव्हतं. ठमी, माझी एकुलती एक लेक, विमानानं दोन तास लागणाऱ्या शहरात दवाखान्यात होती. तारीख पुढच्या आठवड्यातली होती, माझं रेल्वेचं तिकीटही काढून झालं होतं. पण आदल्या संध्याकाळी डॉक्टरनं तपासलं आणि म्हणाला, थांबायला नको, उद्या दुपारी तीनला आत घेऊ, सिझर करूनच बाळ काढावं लागेल. जावयानं धावपळ करून विमानाचं तिकीट पाठवलं. ते ठीक आहे, जावई चांगला आहे, पाठवणारच. पण त्याच्यानंतर ठमीचा स्वतःचा फोन आला. म्हणाली, "आई, मला आत नेतील ना, त्याच्या आधी तू ये." एवढंच. मी म्हटलं, येते. ती म्हणाली, "आणि तिथे जाऊन कुणाला बसवत बसू नकोस. मोठी माणसं असतात ती." मी म्हटलं, नाही गं, मला काय करायचंय. फोन ठेवला आणि कितीतरी वेळ त्या काळ्या पडलेल्या फोनकडे बघत राहिले. कारण ठमीनं माझ्याकडे काही मागून सतरा वर्षं झाली होती. सतरा वर्षं ती फक्त विचारायची, तब्येत कशी आहे, गॅस आला का, गुडघा काय म्हणतो. मागितलं काही नव्हतं. आणि आता मागितलं ते तीन वाजायच्या आधी.

दारापाशी पोचले तर तिथे रांग नव्हतीच, घोळका होता. दीडशे माणसं एका दोरीकडे तोंड करून उभी, प्रत्येकाचा एक पाय पुढे, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण काही घाईत नाही, सहज उभे आहोत. दोरीपलीकडे गळ्यात रुमाल बांधलेली एक मुलगी माइकवर बोलत होती. आधी लहान बाळवाले आले. ते मला पटलं. मग म्हणाली सोनेरी कार्डवाले. मग चंदेरी कार्डवाले. मग कुठल्याशा बँकेचं निळं कार्ड असणारे. मग ज्यांनी आधी चढायचे वेगळे पैसे भरलेत ते. मग गट चार, मग पाच. मी माझा कागद उलटसुलट करून बघितला. त्यावर लिहिलं होतं, गट सहा. रांग एकतीस, खिडकी. मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं, "गट सात कधी बोलावतात?" ते म्हणाले, "सात नसतो. आपण शेवटचे." ते औषधांच्या गोळ्या विकणारे होते, दर आठवड्याला विमानानं जायचे, आणि दर आठवड्याला गट सहामध्येच असायचे. त्याचा त्यांना राग नव्हता की काही नव्हतं. माणूस पंचवीस वर्षं एकाच चपलेत दगड घेऊन चालला तर जसा चालेल तसे ते उभे होते.

मला मात्र तो आकडा लागला. म्हणजे बोचला असं नाही, पण घशात अडकलेल्या गोळीसारखा जाणवत राहिला. सव्वीस वर्षं मी मुलांना आकडे देत आले. तू चौथ्या रांगेत, तू नवव्या, तू मधला, तू कडेचा. कधी कुणाला विचारलं नाही, बाळा, कसं वाटतंय रे. आणि गंमत अशी की मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं की हे लोक चुकतायत. साधी गोष्ट आहे. बसला एकच दार असेल तर आधी कोण चढवायचं? शेवटच्या रांगेतलं. त्यात आधी खिडकीवालं, मग मधलं, मग कडेचं. मग त्याच्या पुढची रांग. एकाचा पाय दुसऱ्याला लागत नाही, कुणाला कुणासाठी उठावं लागत नाही. पहिलीतल्या पोराला कळतं. आणि इथे काय, जो पुढे बसणार त्यालाच आधी आत सोडायचं, तो विमानातल्या मधल्या बोळाच्या तोंडाशी उभा राहून कोट काढणार, कोटाची घडी घालणार, ती आवडली नाही म्हणून पुन्हा घालणार, आणि त्याच्या मागे दीडशे माणसं ताटकळणार. म्हणजे घास गळ्यातच अडकवायचा आणि वर विचारायचं की पोट का भरत नाही. मी गोळीवाल्यांना म्हटलं, "हे उलटं चाललंय." ते म्हणाले, "हो." मी म्हटलं, "कुणी सांगत का नाही?" ते म्हणाले, "कुणाला सांगणार? त्या मुलीला? तिला ते सगळं लिहून दिलेलं असतं."

पाच गट झाले, आम्हाला सोडलं, आणि दोरी ओलांडून आम्ही विमानापर्यंत नेणाऱ्या लांबलचक पत्र्याच्या बोळात शिरलो आणि दहा पावलांवर थांबलो. पुढे माणसं, त्यांच्या पुढे माणसं, आणि सगळ्यात पुढे कुठेतरी विमानाचं दार. बोळाला खिडक्या नव्हत्या. पायाखालचं जाजम ओलसर होतं आणि त्याला नव्या रबराचा आणि जुन्या मोज्यांचा मिळून एक वास येत होता, बसमध्ये सुट्टीनंतर पहिल्या दिवशी येतो तसा. जमीन अधूनमधून थरथरायची. त्या थरथरीनं मला एकदम ठमीची जागा आठवली. बसची शेवटची रांग, डावीकडची खिडकी, बरोबर मागच्या चाकावर. तिचे वडील ती तीन वर्षांची असताना गेले, तिच्या पाचव्या वर्षी मी बसवर लागले आणि तिला त्याच शाळेत घातलं. पहिल्या दिवशी ती ड्रायव्हरकाकांच्या मागच्या जागेवर जाऊन बसली, दोन पाय हलवत, मालकीणबाईसारखी. मी तिला उठवलं. म्हटलं, बाईच्या मुलीनं पुढे बसलं की लोक बोलतात. मागे जा. ती मागे गेली. नऊ वर्षं मागे बसली. सगळ्यात आधी चढायची आणि सगळ्यात शेवटी उतरायची, कारण माझ्याच पद्धतीत शेवटच्या रांगेतली खिडकी पहिली भरते आणि शेवटी रिकामी होते. चाक खड्ड्यात गेलं की तिथला माणूस वीतभर उडतो. तिला उलट्या व्हायच्या. मी पुढून ओरडायचे, "ठमे, खिडकीतून लांब बघ. लांब बघितलं की बरं वाटतं." आणि ती लांब बघायची. कशाकडे बघत होती कोण जाणे.

मग चौदा वर्षांची झाल्यावर एका सकाळी म्हणाली, मी चालत जाणार. पाऊण तासाचा रस्ता होता. मी म्हटलं, वेडी आहेस का, फुकट बस आहे दारात. ती म्हणाली, हो. आणि चालत गेली. दोन वर्षं. रोज सकाळी पेट्रोलपंपाच्या अलीकडे बस तिला मागे टाकायची. मी दारात उभी असायचे, एक हात दांडीला, आणि ती फुटपाथवरून मान खाली घालून चालत असायची. मुलं ओरडायची, बाई, तुमची मुलगी. मी म्हणायचे, गप बसा, हात आत घ्या. तिनं मान वर केली नाही. तेव्हापासून तिनं काही मागितलं नाही.

"अकरा झाले," गोळीवाले म्हणाले. विमान सुटायची वेळ अकरा वीस होती आणि आम्ही वीस मिनिटांत सहा पावलं पुढे आलो होतो. तेवढ्यात भिंतीवरच्या पेटीतून आवाज आला. वैमानिक बोलत होता. तो अगदी गोड आवाजात म्हणाला की अकरा वीसच्या आत दार लागलं नाही तर आपली उडायची पाळी जाईल आणि पुढची पाळी पावणेदोन तासांनी मिळेल, तरी प्रवाशांनी लवकर आसनस्थ व्हावं. बोळातल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. मी मनातल्या मनात हिशोब केला. पावणेदोन तास, वर दोन तास, वर पाऊण तास गाडी. ठमीला आत नेऊन, बाळ काढून, टाके घालून, बाहेर आणून ठेवलेलं असणार. आणि मी दारात उभी राहणार, एक हात दांडीला.

मी पुढे घुसले. खोटं कशाला बोलू, घुसले. रांगेत घुसणाऱ्याला मी सव्वीस वर्षं मागे पाठवलं आणि त्या दिवशी गुडघ्याला हात लावून "आई गं, आई गं" करत तीस माणसं ओलांडली. दाराशी जाऊन आत डोकावले तर आत असं काही होऊन बसलं होतं की माझ्या बसमध्ये झालं असतं तर मी नोकरी सोडली असती. एका साहेबांना चौथ्या रांगेत बॅगेला जागा मिळाली नव्हती म्हणून ते जागा शोधत विसाव्या रांगेपर्यंत गेले होते आणि आता बॅगेसकट उलटे परत येत होते. समोरून एक जाडजूड गृहस्थ डोक्यावर पेटी घेऊन आत जात होते. दोघे बाराव्या रांगेत पोटाला पोट लावून अडकले होते आणि एकमेकांना "आधी तुम्ही," "नाही, आधी तुम्ही" म्हणत होते, आणि दोघांच्याही मागे वीस वीस माणसं. खिडकीवाल्याला आत जायचंय म्हणून मधला उठलाय, मधल्याला उठायचंय म्हणून कडेचा उठलाय, कडेचा उठून उभा राहिलाय ती बरोबर मधल्या बोळातली जागा. कुणीतरी शिंकलं तर सगळे हलले.

हवाईसुंदरींची प्रमुख मुलगी दारात उभी होती. ठमीच्याच वयाची असेल. ओठांवरचं हसू तसंच होतं आणि डोळे मात्र पाण्यानं भरले होते. तिनं माइक घेतला आणि म्हणाली, जे अजून बसलेले नाहीत त्या सर्वांनी कृपया बाहेर बोळात परत यावं. आले बाहेर. शंभर एक माणसं असतील, सोनेरी, चंदेरी, निळे, चार, पाच, सहा, सगळ्यांची खिचडी. आता पुढे काय करायचं हे तिला लिहून दिलेलं नव्हतं. घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.

मी टाळ्या वाजवल्या.

आता माझी टाळी म्हणजे काय, ते बसमधल्या मुलांनाच माहीत. तीन वेळा, सावकाश, तळवा पोकळ ठेवून. शंभर डोकी एकदम माझ्याकडे वळली आणि मला एक गोष्ट कळली, ती आधीच कळायला हवी होती. ही सगळी कधीतरी पहिलीत होती. सूट, टाय, लॅपटॉप, पांढऱ्या मिश्या, सगळं वरवरचं. आत प्रत्येक जण पाण्याची बाटली गळ्यात अडकवून वाट बघत उभा आहे की कुणीतरी सांगावं, तू कुठे बसायचं. "बोलणं बंद," मी म्हटलं. बोलणं बंद झालं. "कागद हातात. आपापली रांग बघा. पंचविसाच्या पुढचे सगळे भिंतीला पाठ लावून इकडे. पंधरा ते पंचवीस तिकडे. बाकीचे एकदम मागे." एक क्षण कुणी हललं नाही. मग गोळीवाले शांतपणे येऊन भिंतीला पाठ लावून उभे राहिले. त्यांच्या शेजारी एक बाई. मग सगळा बोळच सरकला.

सोनेरी कार्डवाले साहेब, तेच चौथ्या रांगेतले, पुढे आले. "एक मिनिट मॅडम. मी पहिल्या गटातला आहे."

"कितवी रांग, बाळा?"

"चार. पण माझ्याकडे—"

"मग तुम्ही सगळ्यात शेवटी. दाराजवळ बसणारा शेवटी चढतो. बॅग पायाशी ठेवा आणि भिंतीकडे सरका."

त्यांचं वय पंचावन्नच्या आसपास असावं. त्यांनी कार्ड खिशात ठेवलं आणि ते सरकले. मागून कुणीतरी खुदकन हसलं, तर मी म्हटलं, "हसायचं काय त्यात? तुमचीपण पाळी येईल." तिथून पुढे मला काही विचारावंच लागलं नाही, तोंड आपोआप चालत होतं. एकतीस खिडकी, माझीच होती, ती सोडली. तीस खिडकी, दोन्ही बाजूच्या, चला. एकोणतीस. अठ्ठावीस. खिडक्या संपल्या की मधले. मधले संपले की कडेचे. बॅग उचलायची, ठेवायची, बसायचं, पट्टा, पुढचा. वरच्या कप्प्यात एकाची बॅग जाईना तर मी म्हटलं, आडवी नाही, उभी घाल. गेली. "बाथरूमला जाऊन आलात का सगळे?" असं सवयीनं तोंडून निघून गेलं आणि शंभरातल्या तिघांनी हात वर केले. त्यांना मी बाजूला उभं करून आधी सोडलं. पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ पिशवीतून पोळीचा डबा काढत होते, त्यांना म्हटलं, आत्ता नाही, गाडी सुटल्यावर. त्यांनी झाकण लावलं. एकोणिसाव्या रांगेतलं एक जोडपं सारखं एकमेकांच्या कानात बोलून हसत होतं, त्यांना मी नियमाप्रमाणे वेगळं बसवलं, एकाला सात आणि एकीला बावीसमध्ये. लग्नाला चार दिवस झाले होते म्हणे. हवाईसुंदरीनं नंतर त्यांना परत एकत्र केलं, ते माझ्या कानावर आलं.

माझ्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. गुडघा दुखत नव्हता. बोळाची थरथर तळपायातून वर चढत होती आणि ती आता मला भीतीची वाटत नव्हती, गाडी तापल्यावर इंजीन जसं तयार होतं तशी वाटत होती. एकेक माणूस त्या दारातून आत जाऊन नाहीसा होत होता आणि बोळ रिकामा होत होता, पाणी निघून गेल्यावर मोरी दिसावी तसा. आत उठबस नाही, धक्का नाही, "जरा एक्सक्यूज मी" नाही. नुसता पट्ट्यांचा आवाज, टक, टक, टक. मला वाटलं, ठमे, बघ. आणि मग वाटलं, ती म्हणाली होती, कुणाला बसवत बसू नकोस. मी थबकले. सोनेरी कार्डवाले साहेब अजून भिंतीला टेकून उभे होते, बॅग पायाशी, दोन्ही हात बॅगेवर. ते हळूच म्हणाले, "बाई, मी जाऊ?"

"जा," मी म्हटलं. "शहाणे आहात."

ते लाजले. खरंच लाजले.

अकरा तेरा. नऊ मिनिटांत शंभर माणसं. वैमानिक आपल्या खोलीतून अर्धा बाहेर आला आणि त्यानं विचारलं, "ह्या कोण?" प्रमुख मुलगी म्हणाली, "माहीत नाही सर, पण झालं." मी आत पाऊल टाकलं, मागे वळले, आणि हात आपोआप उठून विमानाच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या. वैमानिक म्हणाला, "बाई, थांबा, अजून परवानगी यायची आहे." पण तोही हसत होता. मी मधल्या बोळातून मागे चालत गेले. दोन्ही बाजूंनी डोकी, सगळी एका उंचीवर, सगळी माझ्याकडे बघणारी, हात मांडीवर. सव्वीस वर्षांत एवढी गुणी बस मला मिळाली नव्हती. एकतिसाव्या रांगेत गोळीवाले कडेला आणि एक विद्यार्थिनी मधे बसली होती, आणि माझी खिडकी त्यांच्या पलीकडे. दोघांना उठावं लागलं, मला आत सोडायला. माझी पद्धत मीच मोडली.

दार लागलं. विमान वेळेवर निघालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला वाटलं आता निवांत डोळे मिटावेत, पण विमान वर चढलं तसं पोटातली कॉफीही वर चढली. शेवटची रांग सगळ्यात जास्त हलते, हे मला बसचं माहीत होतं, विमानाचं नव्हतं. पाठीमागे बाथरूमचं दार आपटत होतं. भिंत कानाशी गुरगुरत होती. समोर नुसती डोक्यांची मागची बाजू, कुणाचा चेहरा नाही, कुणाला आपण दिसत नाही. पुढे काय चाललंय कळत नाही, हसले तर का हसले कळत नाही, जे काही वाटत वाटत येतं ते आपल्यापर्यंत येईतो संपलेलं असतं. बिस्किटं एकोणतिसाव्या रांगेत संपली. मी खिडकीतून लांब बघितलं. पांढरं होतं सगळं. आणखी लांब बघितलं. काहीही बरं वाटलं नाही. नऊ वर्षं मी पोरीला पुढून ओरडून सांगत होते आणि ते खरं नव्हतंच. मी कागदी पिशवी शोधली आणि डोकं खाली घातलं. विद्यार्थिनीनं माझी पाठ चोळली, एका शब्दानं काही न विचारता. मग मीच बोलायला लागले. ठमी, चाकावरची जागा, पेट्रोलपंप, तीन वाजता, सगळं. पिशवी हातात धरून असं सगळं बोलायला मला कधी जमलं नव्हतं. गोळीवाले पुढे वाकून ऐकत होते.

विमान उतरलं तेव्हा एक वाजून अठरा मिनिटं झाली होती. चाकं टेकली न टेकली तोच नेहमीसारखे सगळे उभे राहतील, कप्पे उघडतील, बॅगा काढून मधला बोळ भरून टाकतील आणि मी सगळ्यात मागे अडकेन, हे मला दिसत होतं. उतरताना माझी पद्धतही तीच, पुढचा आधी. तीस रांगा उतरायच्या म्हणजे पंचवीस मिनिटं. मी पट्टा काढून हातात घट्ट धरून बसले. पण कुणी उठलं नाही. मला आधी कळलंच नाही. मग पाहिलं तर गोळीवाले पुढच्या रांगेतल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होते, त्यानं त्याच्या पुढच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. कुजबूज पार दारापर्यंत गेली. मग गोळीवाले उठून उभे राहिले, मला वाट दिली आणि म्हणाले, "चला बाई. शेवटची रांग आधी."

मी त्या रिकाम्या बोळातून चालत गेले. दीडशे माणसं बसून होती. पाय आत घेतलेले, कोपर आत घेतलेले. डब्यावाले आजोबा म्हणाले, "नातवंडाला आशीर्वाद." ते चार दिवसांचं जोडपं मला बघून हात सोडून सरळ बसलं. चौथ्या रांगेत साहेबांनी माझी पिशवी वरच्या कप्प्यातून काढून दारापर्यंत नेऊन दिली, ती मी तिथे कधी ठेवली होती मला आठवत नव्हतं, आणि म्हणाले, "आम्ही कुणी उठणार नाही, तुम्ही दिसेनाशा होईपर्यंत." मी आयुष्यात कधी सगळ्यात आधी उतरले नव्हते. बाईला शेवटी उतरावं लागतं. पायऱ्यांवर ऊन होतं आणि मी ते अंगावर घेत उतरले.

दवाखान्यात पोचले तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं. ठमी चाकांच्या पलंगावर होती, हिरव्या टोपीत केस कोंबलेले, चेहरा पिवळा पडलेला. मला बघितलं आणि हात पुढे केला. मी तो धरला. मऊ होता आणि गार. मग ती म्हणाली, "कुठली जागा मिळाली?"

"शेवटची रांग. खिडकी."

"उलटी झाली?"

"झाली."

"लांब बघायचं ना."

"बघितलं," मी म्हटलं. "काही उपयोग होत नाही गं. मी उगाच सांगत होते तुला."

ती हसायला लागली. पोट धरून हसायला लागली, इतकी की नर्स आली आणि म्हणाली, अहो, टाके घालायच्या आधीच उसवतील. ठमीचे डोळे वाहत होते आणि ती हसतच होती, आणि मग म्हणाली, "कुणाला बसवलंस का?" मी म्हटलं, "विमान." ती म्हणाली, "अख्खं?" मी म्हटलं, "नाही. पन्नासेक आधीच बसले होते." तिनं माझा हात गालाशी नेला. तीन वाजता तिला नेताना मी पलंगाच्या बाजूनं चालत होते, ती मान वर करून माझ्याकडे बघत होती, आणि दारापाशी ती म्हणाली, "आई, बाहेर तो घाबरून वेडा झालाय. आणि त्या दाराशी नुसती झुंबड आहे. तू जरा बघ." मी म्हटलं, बघते.

बाहेर खरंच झुंबड होती. त्या दुपारी आत घेतलेल्या पाच बायकांचे पाच नवरे, आणि सगळे दाराच्या काचेला नाक लावून उभे. दार उघडायला जागा नव्हती. आमचा जावई सगळ्यांच्या मागे, घामानं भिजलेला. मी टाळ्या वाजवल्या, पाचही जणांना भिंतीला पाठ लावून ओळीनं उभं केलं आणि जावयाला पहिला नंबर दिला, कारण त्याचेच पाय सगळ्यात जास्त लटपटत होते. दहा मिनिटांनी नर्स बाळ घेऊन बाहेर आली. त्या दाराशी इतकी सरळ रांग तिनं नोकरीत पहिल्यांदाच पाहिली असावी. तिनं नाव न विचारता पहिल्या नंबरच्या हातात बाळ दिलं. जावई रडला, आणि मुलगा झाला म्हणून त्यानं अकरा जणांना फोन केले, त्यात आमच्या विहीणबाई होत्या. त्या बाळाचे खरे वडील तिसऱ्या नंबरवर उभे होते. ते दोनदा पुढे आले होते, आणि दोन्ही वेळा मी त्यांना सांगितलं होतं, नंबर आल्याशिवाय हलायचं नाही. आम्हाला चाळीस मिनिटांनी मुलगी झाली.